चेंबरच्या पलीकडची खोली

"आधी नळी चालून पहा, मंग शेवटच्या झाडाले नावं ठेव." जीवरामनाना म्हणायचे. केळीबागेत ठिबकचं पाणी टोकाला पोचलं नाही, की ते लेकीला, नूतनला, पाण्याच्या मोटारीपासून नळीच्या कडेनं पायी धाडत. आता नाना नव्हते, आणि ती सावद्याला पितांबरभाऊंच्या केळीच्या वखारीत कामाला होती.

मागच्या खोलीत कामिनी ट्रकच्या पावत्या लॅपटॉपवरून इंटरनेटवर चढवायची. दिवाळीआधी भाऊंची गादी आणि या खोलीच्या मधे केळी पिकवायचं नवं चेंबर उभं राहिलं, आणि तेव्हापासून तिच्या पावत्या तासतास अडकू लागल्या. काल दोन ट्रक पावतीवाचून फाटकात तटले. भाऊ कडाडले, "पोरगी झोपा काढते. शनिवारपासून घरी बस म्हणावं!"

कामिनी रडायला लागली. नूतन हळूच म्हणाली, "पूस डोळे. सोमवारी तू याच खुर्चीत बसशील. माझा शब्द."

आज गुरुवार, नूतनचा उपास. पोथी वाचून ती लवकर आली आणि मोबाईल हातात धरून वखार पायी मोजत निघाली. भाऊंच्या गादीजवळ वायफायचा डबा; तिथे चार रेघा. चेंबरच्या दारापर्यंत तीन. त्याच्या पत्र्याच्या भिंती ओलांडल्या की एक, आणि कामिनीच्या टेबलाशी तीही गुल. तिनं कामिनीला लॅपटॉपसकट उचलून गादीवर बसवलं.

भाऊ आले ते उंबऱ्यातच थबकले. "माह्या गादीवर कोन?"

"झोपाळू पोरगी. तुमच्यासाठी आणून ठेवलेला चहा निवायच्या आत सहा पावत्या झाल्या तिच्या. भाऊ, चेंबरच्या कडेनं मागच्या खोलीकडे बोळ जातो ना, डबा त्याच्या तोंडाशी न्यायला हवा. चेंबरचा पत्रा आडवा येतोय."

"डबा हलनार नाही. दसऱ्याले पूजा करून बसवला तो. तू एवढी उपासतापासवाली, तुले समजू नाही?"

"समजतं, म्हणूनच सांगते. आमच्या गावचा देव वर्षातून एकदा पालखीत बसून गल्लीगल्ली हिंडतो, ज्यांना देवळात येता येत नाही त्यांच्यासाठी. डबा देवापेक्षा मोठा का?"

झिपरू हमाल फिसकन हसला. भाऊंनी त्याच्याकडे डोळे वटारले. "लय बोलायले लागली तू."

"चौदा वर्षांत आजच बोलले." नूतनचा आवाज तसाच खाली होता. "पण पत्र्याचा दोष पोरीच्या माथी मारू देणार नाही. काढायचं तर आधी मला काढा."

भाऊंनी चहाचा कप उचलला, तसाच ठेवला. "कर काय करायचं ते. बंद पडलं तर तू जाने!" म्हणत ते ट्रककडे चालते झाले.

नूतननं चपला काढल्या. डब्यावरचं वाळकं झेंडूचं फूल उचलून पदराच्या गाठीत बांधलं, हात जोडले. मग येताना आणलेली लांब वायर पिशवीतून काढून खांद्यावर टाकली, आणि स्टूल उचलून बोळाकडे निघाली.