मलमाखालचं मलम

“जरा हलक्या हातानं चोळा म्हणावं म्हातारीला, खालची ट्यूब पुसली जाईल,” शेजारचा मगन माझ्या कानाशी पुटपुटला.

कापड विणायच्या लूमवर कापलेला त्याचा अंगठा माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे धुरपदाआत्यांच्या हातात होता. आत्या त्यावर आपलं हिरवं मलम थापत होत्या.

“बघ, पडलं का नाही थंड?”

“एकदम बर्फ, आत्या!”

खोटं बोलायला सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये कुणी शिकवणी लावत नाही.

गावी, परभणीकडं, आत्यांचं मलम रामबाण होतं म्हणे. मी पाहिलं नाही. लग्न होऊन मी थेट सुरतेला आले. इथं त्या मलमाला लागणारा दगडी पाला मिळतो तो खाडीच्या काठाला, आणि खाडीचं पाणी कधी गुलाबी, कधी निळं. त्या दिवशी रंगाच्या मिलमधून साड्या कुठल्या रंगाच्या निघाल्या त्यावर. आत्या तोच पाला खुडायच्या, हळद घालून तिळाच्या तेलात कढवायच्या, वर मेण सोडायच्या. मगनच्या बायकोचा, मंदाचा भाजलेला हात त्यानं चिघळला, तेव्हापासून गल्लीत रीत पडली: आधी मेडिकलमधली ट्यूब, वरून आत्यांचं मलम. चार दिवसांत जखम बरी, की आत्यांना नारळ. चटणी मी करायची. सगळं कसं सुरळीत.

मग सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीच्या श्रावणात न्हाणीच्या पत्र्यानं खुद्द आत्यांचाच घोटा कापला. त्यांनी आपलं मलम लावलं. नुसतं मलम.

दहाव्या दिवशी पाय सुजून कोहळ्यासारखा झाला. अंगात ताप. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, “मलमवाली दवाखान्यात? लोक हसतील.” लोक रोज येऊन सांगायचे, “येईल गुण, आत्या.” त्यांत मीही होते. दुपारी त्यांना डुलकी लागलेली पाहून मी ट्यूब घेऊन पायाशी बसले, तर त्यांनी पाय आखडून घेतला.

“काय गं अनुसया?”

“माशी होती, आत्या.”

अकराव्या दिवशी त्यांनी कढई पालथी घातली. म्हणाल्या, “साऱ्या गल्लीला गुण येतो, मलाच येत न्हाई. माझ्याच हातून काहीतरी पाप घडलंय. देव पाय नेतोय, तर नेऊ दे.”

मगन पंख्याकडं बघायला लागला. मंदाला घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. त्या दिवशी गल्लीत दूध आलंच नव्हतं.

माझा नवरा बळीराम, आईपुढं उभ्या जन्मात ‘हो’शिवाय शब्द न काढलेला माणूस, खाली बसला. त्यानं तो सुजलेला पाय मांडीवर घेतला.

“आई, पाप आमचं हाय. तुझ्या मलमानं इथं कुणालाच गुण आला न्हाई. आम्ही सगळे आधी ट्यूब लावून मग तुझ्याकडं येत होतो.”