मूळव्याध न्हाय, आये

मला शनिवारी डाग द्यायचा हे सासूनं ठरवलं तेव्हा मी दारात बसून तांदूळ निवडत होते. विचारलं कुणीच नाही. माझी सासू ठकुबाई, तिला आम्ही सगळे आये म्हणतो, ती शेजारच्या देवकीला सांगत होती, "सुनेला मूळव्याध झालीय गं. टमरेल घेऊन जाते आनि डोळे पुसत येते. मानकोलीच्या बारक्या भगताला सांगावा धाडलाय. शनिवारी येतो. तापल्या सळईनं कमरेखाली दोन डाग, की मोकळी."

"माझ्या मावसभावाला दिलेले," देवकी म्हणाली. "उभा गाव गोळा केला बोंबलून. पन बरा झाला."

"बघ!"

"मेला नंतर. पन मूळव्याधीनं न्हाय मेला."

दोघी हसल्या. माझ्या हातातलं सूप तिरकं झालं आणि खडे परत तांदळात गेले.

आये वाईट नाही. तिच्या माहेरी पोटदुखीला डाग देतात, काविळीला डाग देतात, रडक्या पोरालाही देतात. तिच्या स्वतःच्या पोटावर दोन आहेत. तिला खरंच काळजी होती. मी जेवत नव्हते, कारण जेवलं की संडासला जावं लागे आणि संडासला गेलं की आत काच फिरवल्यासारखं होई. जेवत नव्हते म्हणून दूध कमी झालं होतं आणि माझी सखी, सहा महिन्यांची, दोन घोट घेऊन तोंड सोडायची आणि माझ्याकडे असं बघायची की मी तिची उधारी बुडवलीय. तेव्हा डाग देऊन का होईना, सून जेवू दे, नात प्यायला लागू दे, एवढंच आयेचं म्हणणं.

फक्त ती मूळव्याध नव्हती. काय होतं ते मला माहीत होतं आणि माझ्या नवऱ्याला, अनंताला.

अनंता निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर आहे. सखीच्या पाठीवर लगेच दुसरं नको, हे आम्हा दोघांचंही ठरलेलं. निरोध आणायचा तर वाणी चारचौघांत विचारायचा, "कितने दूँ, अनंताभाऊ?" अनंता साखर घेऊन परत यायचा. घरात साखर फार झाली होती. मग त्याच्या जोडीच्या लूमवरच्या नामानं त्याला दुसरी वाट सांगितली. मागची. तिथून पोर राहायचा सवालच नाही, निरोध नको, काही नको.

त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी उशीत तोंड खुपसून हसले. आणि मला ओढून नेलं असं कुणी समजू नये. लाज होती, पण उत्सुकता तिच्याहून वीतभर उंच होती. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्याची शिफ्ट सुटायची वेळ झाली की मी दारात जाऊन उभी राहते. आता काय करू त्याला?

आये दापोड्याला भावाकडे गेली होती ती दुपार. बाजूच्या कारखान्यातले लूम खटाखट चालू, म्हणजे कुणाला काही ऐकू जायचं भय नाही. अनंतानं खिशातून एक बुटकी बाटली काढली.

"हे काय?"

"लूमचं तेल. कोरं हाय, मशीनला लागलेलं न्हाय. धोटा कसा सरकतो बघितलंस ना? याच्याहून गुळगुळीत जगात काय न्हाय."

मी बघितलं होतं. सूत घेऊन धोटा इकडून तिकडे असा जातो की डोळ्याला दिसत नाही. मला ते पटलं! दोघांनाही पटलं. जो माणूस दिवसभर मशीन बघतो त्याला सगळं मशीनसारखंच दिसतं, आणि त्याच्या बायकोलाही.

त्यात घाई. आये परत येईल, सखी उठेल. मी "थांबा" म्हटलं आणि तो तिथल्या तिथं थांबला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. रक्त आलं. आणि तेलानं अशी आग उठली की मी पाण्याची बादली रिकामी केली. अनंता भिंतीला टेकून बसला, एखाद्याचा लूम जळावा तसा. त्यानंतर रोज शिफ्टवरून आला की डोळ्यांनीच विचारायचा. मी मान हलवायची. अजून दुखतंय.

डागाचं कळल्यावर तो म्हणाला, "आयेला सांगू काय मी?"

"काय सांगाल?"

त्यानं डबा उचलला आणि ड्युटीवर गेला.

गुरुवारी सखीची सुई होती, डांग्या खोकल्याची. दवाखान्यातल्या केणी नर्सबाईंना आमच्या गल्लीत अजून कुणी दार उघडत नाही. सक्तीच्या नसबंदीच्या त्या दिवसांपासून त्यांची पांढरी साडी दिसली की बायका कड्या लावतात आणि बाप्ये मागच्या मागे पळतात. सुईला मात्र सगळ्या जातात, पोर पुढे करून, तोंड फिरवून.

बाईंनी सखीला टोचलं. ती किंचाळली. मी पदराखाली घेतलं, तिनं दोन घोट घेतले आणि सोडलं.

"दूध आटलंय का गं?" बाई म्हणाल्या. "जेवतेस ना?"

"जेवते."

"खोटं सांगायला माझ्याकडे आलीस होय? सासू खाऊ देत न्हाय?"

"सासू भरवते हो! मीच खात न्हाय. संडासला..." मी थांबले. रांगेत मागे कुणी नव्हतं. शनिवार परवावर आला होता. मी सगळं सांगून टाकलं. एका दमात, सखीच्या टाळूकडे बघत. तेलाशी येऊन थांबले.

"कसलं तेल?" बाई म्हणाल्या.

"लूमचं."

बाईंनी तोंडावर हात धरला. मग हात धरूनही भागेना. त्यांचे खांदे हलायला लागले. "अगं, बाईमाणूस हायस का कापडाचा सांचा?" त्या म्हणाल्या, आणि मलाही हसू फुटलं. इतक्या दिवसांनी, दुखत दुखत, पण असं फुटलं की सखी रडायची थांबून आमच्याकडे बघायला लागली.

मला वाटलं होतं की त्या ओरडतील, घाण म्हणतील. त्यांनी पडदा ओढला, हातमोजा चढवला, बघितलं, आणि म्हणाल्या, "मूळव्याध न्हाय. चीर पडलीय, नखाएवढी. तेलानं कातडी सोललीय ती वेगळी. भरून येईल. पण डाग दिलास ना तिथं, तर पिकेल आणि मग खरंच मोठ्या हॉस्पिटलात जाशील. कळलं?"

"मग करू काय?"

"घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि संडासवरून आल्यावर. भाकरी, पालेभाजी, पाणी भरपूर. उपाशी राहून खडा होतो, तो खडाच रोज चीर उघडतो. डॉक्टरीणबाई मलम देतील. आणि पार बरं होईस्तोवर तिकडं फिरकायचं न्हाय. ताप आला, पोटात दुखलं, रक्त थांबेना झालं, तर तडक इथं. लाजत बसू नको."

मी उठायला लागले. मग परत बसले. एवढं धैर्य परत कधी गोळा होणार होतं? "बाई, आनि बरं झाल्यावर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला हवंय की त्याला?"

"दोघांनाबी. म्हंजे... बघायचंय."

"मग ऐक. नको वाटलं तर नको म्हण, ते आधी. ती जागा पुढच्यासारखी नसते. तिला स्वतःचा ओलावा नाही आणि आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. फाटली की जंतूंना दार उघडं. गरमी, परमा, कावीळसुद्धा तिथून लवकर शिरते. नवरा बाहेर जातो का?"

"न्हाय हो! तो साखर आनतो."

"काय?"

मी वाण्याचं सांगितलं. बाई परत हसल्या, टेबलाखालच्या खोक्यातून निरोधची पाकिटं काढून माझ्या पिशवीत कोंबली. "हे दर वेळी. पोर राहू नये म्हणून पण आणि जंतूसाठी पण. तिथून पोट राहत नाही खरं, पण ओघळ पुढं आला तर राहतं, नामाला हे कुणी सांगितलं नसेल. आणि तिथून काढून पुढं न्यायचं नाही. धुवायचं, नवीन निरोध चढवायचा. न्हायतर लघवीला आग आणि अंगावर पांढरं जाईल. आणि तेल कुठलंच नको, खोबरेलसुद्धा. तेलानं रबर विरतं. औषधाच्या दुकानात पाण्यानं धुतली जाणारी जेली मिळते, ती लावायची, हात न आखडता. घाई करायची नाही. दुखलं की थांबायचं. बधिर करायचं मलम कुणी सांगितलं तर लावायचं न्हाय. दुखणं हे राखणदार असतं, त्याला झोपवायचं नसतं."

मी दवाखान्यातून निघाले ती चालले नाही, पळाले. दुखत होतं, पिशवीत निरोधची पाकिटं सळसळत होती, कडेवर सखी, आणि मला वाटत होतं मी ओरडून सांगावं, रस्त्यावरच्या हमालांना, सायकल-रिक्षावाल्यांना, सगळ्यांना. मला माझ्याच अंगाबद्दल माहीत झालं होतं! आईनं नाही सांगितलं, कुणीच नाही सांगितलं, आणि ते सांगता येतं, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगता येतं.

दारात चप्पल दिसली. नवी, टायरची.

बारक्या भगत आला होता. शनिवारी त्याच्या पुतणीची हळद, म्हणून तो आजच आला. शेगडी पेटलेली, सळई निखाऱ्यात खोचलेली, तिचं टोक लाल व्हायला लागलं होतं. आयेनं गोधडी अंथरून ठेवली होती. देवकी माझा हात धरायला तयारीनं बसली होती.

"आलीस? बरं झालं," आये म्हणाली. "पोर दे देवकीकडं. पालथी हो."

"न्हाय," मी म्हटलं.

"अगं, घडीभराचं काम. भगताचा हात हलका हाय."

"हलका हाय," भगत म्हणाला.

आयेनं माझं मनगट धरलं. सळईकडे मात्र ती बघत नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. तीही घाबरली होती. मी सखीला छातीशी घट्ट धरलं. "आये, तुम्ही थांबा. भगतबाबा, तुम्ही जरा भायेर बसा. देवकीवहिनी, तूबी."

"मी कशाला?" देवकी म्हणाली, पण माझ्या तोंडाकडे बघून उठली. उंबऱ्याबाहेर जाऊन तिथंच कान देऊन बसली असणार, बसू दे.

"मूळव्याध न्हाय, आये," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

बाईंचा आवाज आठवला, तो साधा. "चीर हाय. आम्ही दोघांनी मागनं केलं. तेल लावून. नर्सबाईंनी बघितलं. डाग दिला तर पिकेल."

शेगडीत कोळसा तडकला. आयेनं माझं मनगट सोडलं नाही, पण पकड ढिली झाली. तेवढ्यात दारात अनंता उभा राहिला, कपाळावर कापूस चिकटलेला. देवकीनंच आपल्या पोराला पाठवून त्याला कारखान्यातून बोलावलं होतं, बायकोला धरायला म्हणून.

"आये," तो म्हणाला, "तेल मी आनलं. लूमचं. तिचा दोष न्हाय."

आये वळली, माठातला तांब्या उचलला आणि शेगडीवर ओतला. सळई अशी चुरचुरली की बाहेरून भगत "काय झालं, काय झालं" करत आत डोकावला.

"मूळव्याध न्हाय तिला," आये त्याला म्हणाली. "पोटात खडा हाय. चा पिऊन जा."

मग अनंताकडे वळून हळूच, "मशीनचं तेल, रे? सुनेला? एवढं खोबरेल घरात असताना?"

"खोबरेलबी न्हाय चालत, आये," मी बोलून गेले.

भगत चहा पिऊन गेला. अनंता घमेल्यात कोमट पाणी ओतून ते बोटानं तपासत बसला, गरम वाटलं तर गार घालत, गार वाटलं तर गरम. मी भाकरी खाल्ली. मेथीची भाजी खाल्ली. परत भाकरी मागितली. आये वाढत राहिली, माझ्याकडे न बघता. मला वाटलं की रागावली, आता महिनाभर बोलणार नाही.

अनंता परत ड्युटीवर गेला. सखी पीत होती, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, की मलाच तसं वाटत होतं. आये येऊन शेजारी बसली. दाराकडे बघितलं. दार लोटलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तुला नको हुतं काय?" तिनं विचारलं. "त्यानं जबरी केली?"

"न्हाय, आये. मलाबी हवं हुतं. घाई झाली."

"आमच्या वेळंला," ती म्हणाली, आणि ते तिथंच सोडून दिलं. मग सरकून अजून जवळ आली, इतकी की तिच्या केसांचा वास येत होता.

"ती नर्सबाय अजून काय काय म्हनली? सगळं सांग. हळू सांग, मला एकदम कळत न्हाय."

आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.