नवव्या दिवशी डाग गेले

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माशाच्या अंगावरचे पांढरे डाग गेले. हार्डवेअरच्या दुकानावरच्या सभागृहात साठेक माणसं होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माशाच्या बरणीवर पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिराचं नाव चिकटवलेलं होतं. त्याला क्षय झाला होता आणि गोळ्यांचा दुसरा महिना संपत आला होता. छातीच्या एक्स-रेवर डॉक्टरांनी त्याला पांढरे डाग दाखवले होते. नऊ दिवसांपूर्वी इथंच कारागिरानं बरणीतल्या पाण्यावर फुंकर घातली होती, मग त्यात मासा सोडला होता. चौथ्या दिवशी माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे डाग उठले, नवव्या दिवशी नाहीसे झाले.

‘‘डॉक्टर रोग दाबतो, मासा रोग ओढतो,’’ हे उपचार करणारे जलगुरू माइकवरून म्हणाले. ‘‘दाबलेलं वर येतं. ओढलेलं येईल कुठून?’’

‘‘मग गोळ्या?’’ कारागिराच्या बायकोनं विचारलं.

‘‘मी कुणाला थांबवत नाही, बाई. पण गेलेल्या पाहुण्यासाठी रोज ताट वाढायचं का, ते तुम्ही ठरवा.’’

सभागृह हसलं. मासा ‘मुक्त’ करायला आतल्या खोलीत नेला. आत काय आहे, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या.

कारागिराची थोरली बहीण शोभेच्या माशांचं दुकान चालवते. तिला सात आठवडे कुणी काही सांगितलं नाही. भावाकडे शिलाई मशीनच्या खणात दोरा शोधताना तिला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

‘‘अगं, हे काय?’’

‘‘ताई, त्यांना बरं वाटतंय,’’ भावजय म्हणाली. ‘‘वजनही वाढलंय.’’

‘‘ते गोळ्यांनी. आणि तो मासाच आजारी होता. माझ्या दुकानात दर थंडीत येतो हा रोग.’’

‘‘तुम्ही मासे विकता. तुम्हाला दुसऱ्याच्या बरणीत खोटच दिसणार.’’

भाऊ पलंगावर पडून होता. ‘‘भांडू नका,’’ तो म्हणाला. ‘‘ताई, मासाच आजारी होता हे तू दाखवून दे. मग मी गोळ्या सुरू करतो.’’

तिनं ते मान्य केलं. त्याच दिवशी हाताला धरून त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, असं ती आता म्हणते.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहाच्या मागच्या जिन्यानं आतल्या खोलीत गेली. तिथं एक मोठा टब होता. पाणी गार, वास मारणारं, तळाला बोटभर गाळ, हवेचा पंप नाही. मासे टबाच्या कडेला अंग घासत होते. तिनं तीन मासे मागितले. ‘‘न्या की,’’ तिथला नोकर म्हणाला. ‘‘सकाळपासून चार मेलेत.’’

भावाच्या स्वयंपाकघरात तिनं तीन बरण्या मांडल्या. पाण्यावर कुणी फुंकर घातली नाही. चौथ्या दिवशी तिन्ही माशांवर डाग उठले.

‘‘यांनी कुणाचा क्षय ओढला?’’ तिनं विचारलं.

शेजारच्या विज्ञानाच्या शिक्षिकेनं शाळेतून सूक्ष्मदर्शक आणला. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचेवर घेऊन तिनं भावजयीला पाहायला लावलं.

‘‘गोल आहे. कडेला केस आहेत,’’ भावजय म्हणाली. मग थांबून, ‘‘फिरतंय.’’

‘‘हा परजीवी,’’ बहीण म्हणाली. ‘‘कातडीखाली बसून खातो. पोट भरलं की सुटून तळाला पडतो. तेव्हा डाग जातात आणि लोक टाळ्या वाजवतात. तळाशी एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधतात. तोवर जलगुरूंनी मासा टबात परत टाकलेला असतो. परत आलेले डाग बघायला तिथं कोण जातंय?’’

दोन माशांना तिनं तसंच ठेवलं. तिसऱ्याचं पाणी हळूहळू कोमट केलं, औषध घातलं, रोज नळीनं तळाची घाण ओढून तेवढं स्वच्छ पाणी भरलं. नवव्या दिवशी तिन्ही मासे स्वच्छ दिसत होते.

‘‘सगळ्यांचेच गेले की,’’ भावजय म्हणाली.

‘‘थांब.’’

बाराव्या दिवशी पहिल्या दोघांवर डाग परतले, या वेळी शेपटीपर्यंत. चौदाव्या दिवशी दोघे मेले. तिसरा पोहत होता. बहीण त्याच्या पाण्यात औषध मोजून घालत होती.

‘‘याचे डाग तर कधीच गेले. अजून औषध कशाला?’’

बहिणीनं बरणीच्या तळाकडे बोट दाखवलं. भावजय उठून मशीनचा खण उघडायला गेली. तिनं गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली. पलंगावरून खोकल्याचा आवाज आला. त्या दिवशी रुमालावर पहिल्यांदा रक्त दिसलं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती दिवस बंद होत्या? नऊ आठवडे, त्यातले शेवटचे चौदा दिवस सिद्ध करण्यात गेलेले. जंतू जुन्या औषधांना अजून दाद देतात का, ते पाहायला थुंकीचा नमुना पाठवला आहे. कारागिराची सात वर्षांची मुलगी दहा दिवस खोकते आहे. तिचाही नमुना घेतला.

जलगुरूंना मेलेले मासे दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अश्रद्धेनं मेले.’’ पोलिसांत तक्रार दिली आहे. सभागृह अजून भरतं.

तिथं जाणाऱ्यांनी एवढंच विचारावं: फुंकर घातली नसती, तर माशाचं काय वेगळं झालं असतं? विचारायला एक बरणी आणि चौदा दिवस लागतात. गोळ्या मात्र त्या चौदा दिवसांतही घ्याव्यात.

सोमवारी दुपारपर्यंत बापाचा अहवाल आलेला नव्हता. मुलीचाही नाही.