पटावर एक

“बाईस्नी न्हेतासा, मग हितल्या पोरांस्नी शिकवणार कोण?” रवळूने विचारलं.

दीपंकर कांबळे जांभळओहळच्या शाळेच्या पायरीवर उभा होता. हातात आदेश होता. आत दिपालीबाई पाढे म्हणून घेत होत्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

“तात्पुरतं हाय, आप्पा. माळवाडीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. तिथं एकतीस पोरं हाईत आणि मास्तर एक बी न्हाय. हितं सहाच.”

रवळू शाळा समितीचा अध्यक्ष. शाळेभोवतीचा दगडी गडगा त्याने गावकऱ्यांना हाताशी धरून दोन उन्हाळ्यांत रचला होता. तो भांडला असता तर दीपंकरला बरं वाटलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, “एकतीस म्हंजे लई झाली. न्ह्या.”

खानापूरच्या जंगलकडेच्या चौदा मराठी शाळा दीपंकरच्या देखरेखीखाली होत्या आणि शिक्षक होते अकरा. निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस येत नव्हता. डोकं झाकावं तर पाय उघडे, पाय झाकावे तर डोकं. वीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला दीपंकर आता मोटारसायकलवरून फिरून हीच ओढाताण करत होता.

जांभळओहळला आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या शाळेतले मास्तर यायचे ठरले. ते दोनदा आले, मग त्यांना घरोघरच्या सर्वेक्षणाला जुंपलं. कुलूप बघून मुलं माघारी फिरू लागली. दोघी बहिणी इंग्रजी शाळेच्या गाडीने जाऊ लागल्या. रवळूनेही नातवाला सांबऱ्याला लेकीकडे धाडलं आणि त्यानंतर दीपंकर दिसला की तो वाट बदलू लागला. दिवाळीनंतर पटावर एकच नाव उरलं, तिसरीतली पूर्णिमा.

दीपंकरने साहेबांना फोन केला. “साहेब, दिपालीबाईंना परत द्या. मी घरोघर जाऊन पोरं आणतो.”

“आणि माळवाडीला काय सांगणार, कांबळे?”

रजेवर गेलेल्या बाईंनी चिकोडीला बदली करून घेतली होती. त्या येणार नव्हत्या.

जानेवारीत शाळा विलीन करायचा कागद आला. त्यासाठी पट शून्य व्हायला हवा होता. दीपंकर शाळा सोडल्याचा दाखला लिहून पूर्णिमाच्या घरी गेला. तिचे आईबाप गोव्याला कामाला होते, घरी आजी सोनुबाई. ती अंगणात तांदूळ पाखडत बसली होती.

“दुसरी शाळा चार किलोमीटरवर,” ती म्हणाली. “रानातली वाट. एकटीला कशी धाडू?”

“गाडीसाठी अर्ज केलाय, आक्का.”

“मिळंल?”

दीपंकर हो म्हणायला गेला आणि थांबला. “वाटत न्हाय. एका पोरीसाठी गाडी देत न्हाईत.”

“मग ऱ्हाईल घरात. शेरडं हाईत.”

“गोव्याला आईबापाकडं?”

“पत्र्याच्या एका खोलीत सहाजण ऱ्हात्यात. तिथं पोरीला कुठं ठेवतीली?”

पूर्णिमा दाराला टेकून ऐकत होती. “सर, दिपालीबाई बऱ्या हाईत न्हवं?”

“हाईत.”

“त्येंनी तिथं भागाकार शिकवला काय? आमचा अर्धा ऱ्हायलाय.”

“शिकवला,” दीपंकर म्हणाला आणि पिशवीत शाईची डबी शोधू लागला. ती बराच वेळ सापडेना. सापडल्यावर त्याने ती सोनुबाईपुढे धरली.

तिने डबी हाताने बाजूला सारली. “अंगठा न्हाय. सही करतो मी. साक्षरतेचा वर्ग हुता तवा तुमच्याच शाळंत शिकलो.”

दीपंकरने पेन दिलं. सूप पालथं घालून तिने त्यावर कागद ठेवला, पदराने बोटं पुसली आणि लिहायला लागली. एकेक अक्षर झालं की ती थांबून त्याच्याकडे बघायची. नात तिच्या खांद्यावरून वाकली होती.

“आज्जे, काना ऱ्हायला.”

म्हातारीने पेन मागं नेऊन काना दिला. मग कागद दीपंकरला देण्याआधी तिने तो नातीपुढे धरला, “बग, आता बरोबर हाय न्हवं?”