फॉइलच्या दोन पट्ट्या

भौतिकशास्त्राचे सर रजेवर गेले, म्हणून दहावीचा तो तास रसायनशास्त्राच्या मॅडमकडे आला. त्याच वर्गात त्यांची मुलगी होती. शाळेत तीही त्यांना मॅडमच म्हणायची.

मॅडमनी स्टँडवर फॉइलच्या दोन लांब पट्ट्या शेजारीशेजारी, जराशा सैल टांगल्या. दोन्हींची वरची टोकं बॅटरीच्या एका बाजूला जोडली, खालची दुसऱ्या बाजूला.

"दोन्हींतून वीज एकाच दिशेनं जाणार. मग पट्ट्या एकमेकींना ढकलतील. चुंबकाचे सारखे ध्रुव ढकलतात ना, तसंच."

मुलीनं हात वर केला. "मॅडम, त्या जवळ येतील. मधल्या जागेत दोघींची चुंबकीय क्षेत्रं उलटसुलट असतात, तिथं जोर कमी पडतो."

"घरी आईचं ऐकत नाहीस, निदान इथं तरी ऐक!"

वर्ग खो खो हसला. मुलगी लाल होऊन खाली बसली. मॅडमनी बटण दाबलं आणि पट्ट्या झटकन एकमेकींना चिकटल्या.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "तारा उलट्या लागल्यात," असं म्हणत त्यांनी घाईघाईनं एकाच पट्टीची जोडणी उलटी केली. या वेळी पट्ट्या फाकल्या. "बघा!"

"पण तिचंच बरोबर होतं ना?" मागून एका मुलानं विचारलं.

"नाही रे, माझं चुकलं," मुलगीच म्हणाली. "मॅडम बरोबर आहेत."

मॅडमना मान वर करवेना.

घरी भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "तुला कळलं होतं ना सगळं?"

"हो."

"मग खोटं का बोललीस?"

"तुझा चेहरा बघवेना."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःहून वर्गात गेल्या. "काल तारा पहिल्यांदाच बरोबर जोडल्या होत्या. चुकले मी, आणि वर थाप मारली. जिचं बरोबर होतं, तिची थट्टा केली." कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत मुलगी जिन्यात भेटली. रागानं फणफणत होती.

"सगळ्यांसमोर कशाला? आता पोरं मलाच चिडवतायत!"

"थट्टा सगळ्यांसमोर केली होती ना."

"घरी मला मात्र एकदाही सॉरी म्हणाली नाहीस."

खरंच, ते राहूनच गेलं होतं. मॅडमचा चेहरा पुन्हा उतरला. जिन्यातून वर-खाली पोरं धावत होती. भिंतीला अंग चोरून उभ्या राहत त्या हळूच म्हणाल्या, "सॉरी, बाळा."

"बरं," मुलगी म्हणाली. राग पुरता गेला नव्हता, पण ती तिथून हललीही नाही.