आठ तास गरम

मी थर्मास बोलतोय, आणि जरा भरभर बोलणार आहे. सवयच तशी लागली. ज्याच्या पोटात गरम चहा असतो त्याला निवांतपणा परवडत नाही. कारखान्याने माझ्या बुडावर 'आठ तास गरम' असं छापलं होतं. तुम्ही पाच धरा. छापणाऱ्याचं काय जातं!

एका काचेच्या बाटलीत दुसरी बसवली, मधली हवा शोषून घेतली, आतून चांदीचा हात फिरवला, वरून हिरव्या पत्र्याचा अंगरखा चढवला, असा माझा जन्म. मग सहा महिने दुकानाच्या काचेमागे उभा. बाहेर सगळं शहर लगबगीने चाललेलं आणि मी जागच्या जागी. मला पाय नाहीत, पण माझ्या पायाला भिंगरी आहे ती तेव्हापासून.

मला विकत घेतलं एका लिफ्टवाल्याने. लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. लिफ्टचं यंत्र इमारतीच्या डोक्यावर, गच्चीवरच्या खोलीत असतं, आणि हिवाळ्यात त्या खोलीत बोटं आखडतात. म्हणून मी. सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर शहरातल्या उंचात उंच गच्च्यांवर गेलो. तिथून नदी, पूल, बर्फाने पांढरी झालेली छपरं, सगळं दिसायचं. पण हा गृहस्थ मोटारीत डोकं खुपसून बसायचा. चहा पितानासुद्धा नजर दोरांवर. मला वाटायचं, अरे बाबा, एकदा मागे तर वळ!

त्याची बायको रफू करायची. धुलाईच्या दुकानात मागच्या खोलीत तिची खुर्ची. सिगरेटने जळलेला कोट तिच्याकडे गेला की परत येताना भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडायचं नाही. कपड्याच्या कडेचाच धागा ती उसवून काढायची आणि एकाखाली एक, एकाखाली एक असा विणत जायची. भिंग न वापरता. त्याचा तिला भारी तोरा होता.

लिफ्टवाला निवृत्त झाला आणि माझी रवानगी वरच्या फडताळात झाली. शेजारी वाफेचं भांडं, तेही मुकं. ते वर्ष कसं काढलं माझं मला ठाऊक.

मग एके दिवशी खालून बोलणं ऐकू आलं.

"डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल. कडेचं राहील," ती म्हणत होती.

"म्हणजे काय?"

"म्हणजे भिंत दिसेल, भिंतीवरचं घड्याळ दिसणार नाही. तुमचे कान दिसतील, नाक नाही."

"कधी?"

"उन्हाळ्यापर्यंत, म्हणाले. थोडं मागेपुढे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "डॉक्टर काय, बोलतात. बघू."

हा 'बघू' त्या घरातला सगळ्यात झिजलेला शब्द. भिंतीला रंग काढायचा? बघू. लेकीकडे जायचं? बघू. त्याचा अर्थ 'नाही' असतो हे मला फडताळात बसूनही कळत होतं.

ती मात्र कामाला लागली. इस्त्री केलेल्या शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा तिने दुकानातून आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरात या हिवाळ्यात शहरात बघायच्या सात गोष्टी लिहिल्या. पुलावरून सकाळचं धुकं. बागेतलं काचघर, जिथे बाहेर बर्फ असतं आणि आत केळीला घड लागतात. संग्रहालयातली जुनी वस्त्रं. चौकातला दिव्यांचा बाजार. बर्फाच्या मैदानावर घसरणारी माणसं. मनोऱ्यावरून सूर्यास्त. गोठलेलं तळं. या शहरात चाळीस वर्षं काढली, पण तिची सगळी नजर दुसऱ्यांच्या कोटात गेली होती.

"रविवारी काचघर," ती म्हणाली.

"बघू," तो म्हणाला. पण मला खाली काढलं, घासलं, आणि रविवारी सकाळी चहा भरला. मी आनंदाने नुसता तापलो होतो!

आणि मग त्याला नळ आठवला. शेजारणीचा नळ गळत होता म्हणे. पुढच्या रविवारी दाराची बिजागरी. त्याच्या पुढच्या रविवारी तर तो बूट घालून खुर्चीत बसला, बूट काढले, आणि म्हणाला, "आज वारा फार आहे." दर वेळी मी टेबलावर उभा, पोटात चहा, दाराकडे डोळे. दुपारी तो चहा मोरीत जायचा. हा माणूस मला भरतो कशाला आणि थांबतो कशाला, हे कोडं मला सुटेना. मनातून त्याला खूप बोललो. पुठ्ठ्यावरच्या सातांपैकी एकही गोष्ट झाली नव्हती आणि अर्धा हिवाळा सरला होता.

चौथ्या रविवारी तो शेजारणीकडे पान्हा घेऊन गेला, आणि तिने कोट चढवला. मला पिशवीत टाकलं आणि दार ओढून घेतलं. एकटीने! माझ्या पोटात चहा डचमळायला लागला.

काचघराला तीन नंबरची बस जाते. ती सहा नंबरच्या बसमध्ये बसली. तीन आणि सहा, ज्यांची तोंडं कायम विरुद्ध दिशांना, ज्यांच्यावरून आपण न पटणाऱ्या माणसांमध्ये छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, ते दोन तिला त्या सकाळी एकसारखे दिसले. पाटीवरच्या आकड्याचं पोटच तिला दिसेना. ती खिडकीशी बसून खुशीत गुणगुणत होती आणि मी पिशवीत तडफडत होतो. थर्मासाला ओरडता येत नाही, हे मला आयुष्यात तेव्हाच सगळ्यात जास्त खुपलं.

"काकू, शेवटचा स्टॉप," ड्रायव्हर म्हणाला.

"काचघर कुठल्या बाजूला?"

"काचघर? ते तीनला. ही सहा. हा डेपो आहे."

ती उतरली. बसगाड्या धुवायची जागा. पाणी सांडून सगळीकडे बर्फाचा निसरडा थर झालेला. बाकावर बसून ती रडेल असं मला वाटलं. तिने बूच काढलं, आधी ड्रायव्हरला चहा दिला, मग स्वतः घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "वा! चांगला कडक आहे." त्यानेच तिच्या घरी फोन लावून दिला.

लिफ्टवाला आला तो घरातल्या चपलांवर. त्या बर्फातून. हातात पान्हा तसाच.

"जरा थांबवत नव्हतं तुला? मी बघू म्हटलं होतं ना!"

"अहो, तुमचं बघू होईपर्यंत माझं बघणं संपेल," ती म्हणाली.

त्याने समोरच्या बसकडे बोट केलं. "तिचा नंबर काय?"

ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. कोंबडी दाण्याकडे बघते तशी. खूप वेळ बघितलं. "दोन आकडी आहे," ती म्हणाली. बसवर लिहिलं होतं 'सेवेत नाही'.

तो तिच्याशेजारी बाकावर बसला, पान्हा मांडीवर ठेवून. "मला वाटलं, एकदा का त्या पुठ्ठ्यावरची पहिली खूण केली की डॉक्टर म्हणाले ते खरं होणार. म्हणून निघवत नव्हतं," तो म्हणाला. "भीती वाटते गं मला."

"मला नाही का वाटत?"

मग मला कळलं, तो दर रविवारी मला भरूनही का थांबायचा. त्याच्यावर उगाच चिडलो होतो, याची मला लाज वाटली.

त्यानंतरचे अकरा दिवस मी खाली टेकलो नाही. काचघरात माझ्या पत्र्याला घाम फुटला. संग्रहालयात ती एका जुन्या झग्याच्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "इथे रफू आहे, आणि वाईट केलाय." पुलावर धुकं इतकं दाट होतं की त्यालाही काही दिसेना. "आज आपण दोघं सारखेच," म्हणून ती हसली. मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये हा महाराज भिंतीला कान लावून म्हणतो, "वंगण नाही घातलं, लेकाच्यांनी."

वर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. सगळे नदीकडे बघत होते. ती त्याच्याकडे.

"अगं, तिकडे बघ, तिकडे! इकडे काय आहे?"

"हलू नका जरा," ती म्हणाली. "रफू करण्याआधी शाबूत कापडाची वीण बघून ठेवावी लागते."

तो हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मशीनकडे पाठ करून इतका वेळ उभा राहिला असेल. त्याचे डोळे भरून आले होते.

सातवी गोष्ट तळ्याची. तिथेच मी निकालात निघालो. तिला धरून चालवताना तो स्वतःच घसरला, आणि पडला तो नेमका माझ्यावर. आत काहीतरी कळकन फुटलं. ती इतकी हसली की तिला बर्फावरच बसावं लागलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण ते हसू ऐकून मी मुकाट्याने फुटलो.

या गोष्टीला आता वर्ष झालं. माझ्या पोटातली काच काढून टाकली आहे. ओट्यावर उभा असतो, माझ्यात पळ्या आणि चमचे. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणाले होते. तिचं मधलं त्याच्याही आधी गेलं. आता रविवारी ती दोघं नव्या स्टीलच्या थर्मासाला घेऊन बाहेर पडतात, आणि तिथलं सगळं तो मला रात्री ओट्यावर सांगतो. दिसेल ते त्याने सांगायचं असं ठरलंय. त्याला सांगता येत नाही. "झाड आहे," म्हणतो. "मोठं आहे." ती म्हणते, "नीट सांगा." मग तो अडखळत, लिफ्टमधला बिघाड सांगावा तसा, फांदी न् फांदी सांगत बसतो. दार बंद झालं की मी आतल्या चमच्यांसकट खुळखुळतो. अजून जायचं असतं मला. पुढच्या भंगारवाल्याच्या फेरीत मी बहुतेक जाणारच, पण ते तसलं जाणं नव्हे.

तुम्ही या हिवाळ्यात तळ्याकाठी गेलात, आणि एक म्हातारा त्याच्या बायकोला बदकांचे रंग चुकवत सांगताना दिसला, तर माझं एक काम करा. त्याला सांगा, तिला चहा देताना झाकण अर्धंच भरत जा. काठोकाठ भरलेलं तिला आता दिसत नाही. हातावर सांडतं, चटका बसतो, आणि तुझं सांगणं मध्येच थांबू नये म्हणून ती बोलत नाही.