सहापर्यंत

गजेंद्रने मॉनिटरची केबल उपसून काढली, टोकावर फुंकर मारली आणि तिसऱ्यांदा तीच केबल पुन्हा खोचली. स्क्रीन उजळली. दोन-चार क्षण शहाण्यासारखी राहिली आणि मग परत लुकलुकायला लागली.

"हे काही केबलचं काम नाही," तो म्हणाला.

रीता खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी होती. कॉम्प्युटर घरात येऊन उणेपुरे पंधरा दिवस झाले होते. पूजेच्या दिवशी तिच्या आईने, शांतीबाईने, डब्यावर लावलेलं कुंकवाचं बोट अजून तसंच होतं. एवढ्यात गजेंद्र मॉनिटर बदलून गेला होता. एकदा तर सगळं बिऱ्हाड मोटरसायकलवर बांधून तो कोहमाऱ्याच्या चौकातल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेला आणि दिवसभर चालू ठेवून पाहिलं. तिथे स्क्रीनने पापणी हलवली नाही. इथे आणली की खेळ सुरू.

"दिवसा नाही होत ना?"

"नाही. पाच वाजले का सुरू होते."

"रोज पाचलेच?"

"रोज. घड्याळ लावल्यासारखी."

गजेंद्र उठला. त्याने स्क्रीनकडे पाठ केली आणि वर छताला लटकलेल्या बल्बकडे बघत राहिला. बल्बही थरथरत होता, अगदी बारीक, मुद्दाम पाहिलं तरच कळेल इतका.

"वर पाह्य," तो म्हणाला. "कॉम्प्युटरले काहीच नाही झालं. तुमच्या घराच्या लाईनीले झालं हाय."

तो भिंतीवरच्या वायरीचा माग काढत सपरीत, म्हणजे पडवीत, गेला. सपरीत मीटर होतं, मीटरखाली लाकडी बोर्ड आणि बोर्डाच्या कडेला एक स्विच. स्विचमधून एक काळी वायर निघून खिडकीच्या गजांतून मागच्या बाजूला गेली होती. जोडाला चिकटपट्टीसुद्धा नव्हती, नुसता पीळ दिलेला. रीताला ती वायर ठाऊक होती. घरात सगळ्यांनाच ठाऊक होती. पण ती वायर आणि आपली स्क्रीन यांचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

रीताचा बाप पुनाराम बाजेवर बसून सुंभ वळत होता.

"काकाजी, ही वायर कोठं जाते?"

"बांधीत."

"डुकरांसाठी?"

"मग का माणसांसाठी?" पुनाराम हसला.

घरामागे लगेच त्यांची धानाची बांधी सुरू होत होती. तिच्या पलीकडे बोडी, लहानसं तळं, आणि बोडीच्या पलीकडे जंगल. धान लोंबीवर आलं की रानडुकरं उजेड मावळताच बोडीच्या काठाने उतरायची आणि खायची कमी, लोळवायची जास्त. म्हणून पुनारामने बांधीभोवती बांबूच्या खुंट्या ठोकून गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढली होती आणि रोज पाचला तिच्यात घरचा करंट सोडत होता. गावात तो एकटाच असं करत होता असंही नाही. कोणी कोणाला बोलत नव्हतं, एवढंच.

"तारेले ओलं गवत टेकून राहिलं," गजेंद्र म्हणाला. "करंट जमिनीत जाते, म्हणून व्होल्टेज पडते. गवतानं एवढं. मोठं काही टेकलं तर याहून पडंल."

रीताला मागचा मंगळवार आठवला. त्या संध्याकाळी स्क्रीन नुसती लुकलुकली नव्हती, खोल गेली होती. अक्षरं थरथरत काळवंडली, बराच वेळ तशीच राहिली आणि मग एकदम स्वच्छ झाली. दुसऱ्या दिवशी पुनारामने शेताच्या धुऱ्यावरून डुक्कर ओढत आणलं. तीन घरांत वाटे गेले. रीतानेही खाल्लं होतं.

"काढा हे, काकाजी," गजेंद्र म्हणाला. "झटका मशीन घ्या, सोलरवाली. तिनं कोणी मरत नाही. या करंटनं माणसं मेली आहेत, लोकं जेलात गेले."

"झटक्याले डुक्कर भीत नाही गा. अन पाचनंतर तिकडं जाते कोण? घरच्यायले मालूम हाय."

मग रीताच पुढे झाली. एरवी ती बापासमोर फार बोलत नसे.

"बाबा, परवा माझी परीक्षा हाय. चार ते साडेपाच. तेव्हा असं झालं तर गेली नोकरी."

नोकरी नागपूरच्या एका कंपनीची होती; घरी बसून, कॉम्प्युटरवर. पोलीस भरतीत दोनदा धावून झालं होतं आणि दोन्ही वेळा चार-सहा गुणांनी हुकलं होतं. उन्हाळ्यात पाहुणे येऊन बघून गेले होते आणि होकार कळवायचा तेवढा राहिला होता. पुनारामने पोरीला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. कंपनीची पहिली परीक्षा संध्याकाळची होती. स्क्रीन तीनदा काळी पडली आणि तेवढ्यात नऊ प्रश्न निघून गेले. रीताने हातापाया पडून पत्र लिहिलं, तेव्हा त्यांनी आणखी एक संधी दिली. शेवटची. यूपीएस होता, पण त्याचा जीव दहा मिनिटांचा.

पुनारामने सुंभ बाजूला ठेवलं.

"साडेपाचले सुटते?"

"हो."

"मग मी सहाले लावतो. सहापर्यंत बोर्डाले हात लावत नाही. जा."

विषय संपला. पुनारामचा बाप आणि आजा गावतळ्याचे पाणकर होते आणि पुढे वीस वर्षं तोही होता. ज्याची पाळी असेल त्याच्या बांधीत तळ्याचं पाणी सोडायचं आणि वेळ संपली की तोडायचं, मग तो सख्खा भाऊ का असेना. धाकट्या भावाचा अर्धा तुकडा कोरडा असताना पुनारामने त्याचं पाणी तोडलं होतं आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. पण पुनारामने सहा म्हटले की सहा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रीताच्या छातीवरचं ओझं उतरलं. असा बाप असल्याचा तिला त्या क्षणी अभिमानच वाटला.

शांतीबाई आत भाजी चिरता चिरता ऐकत होती. तिने या सगळ्याचा आपल्यापुरता अर्थ लावला.

"चला, पोरीची परीक्षा चालू हाय तोवर तरी तार बंद," ती म्हणाली. "एक दिवस तरी कालवड सरळ आणता येईल. रोज सडकेनं फेरा मारून पाय मोडून राहिले माझे."

कालवड संध्याकाळी बोडीकाठी रेंगाळायची. बांधीतून गेलं तर हाकेच्या अंतरावर, सडकेने गेलं तर अर्ध्या तासाची चाल. आईच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. गजेंद्रने स्विच तेवढ्यापुरता बंद करून जोडाला पट्टी गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून पुन्हा म्हणाला, "मी सांगतलं हाय, काकाजी."

"ऐकलं, ऐकलं," पुनाराम म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी रीता पावणेचारलाच दार लोटून खुर्चीत बसली. नियम तिला पाठ होते. खोलीत दुसरं कोणी दिसता कामा नये, तोंडातून शब्द निघता कामा नये, खुर्ची सोडायची नाही. एकदा समज मिळेल आणि दुसऱ्यांदा परीक्षा रद्द. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागला, म्हणजे तिकडून बघायला सुरुवात झाली.

चार वाजले. स्क्रीनवर अक्षरं आली, थोडी वाट पाहा, जागेवरून उठू नका. सव्वाचार झाले, साडेचार झाले, तरी अक्षरं तीच. परीक्षा एकदाची सुरू झाली तेव्हा पावणेपाच झाले होते. म्हणजे सुटणार सव्वासहाला.

बाबांना सांगायला हवं होतं. सपरीतून त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं, एक हाक मारली असती तर पोचली असती. पण दिवा तिच्याकडे रोखून बघत होता. मायला कळेलच की, असं तिने स्वतःला समजावलं. घरात न सांगता कळायची सगळी कामं मायकडेच असत. पहिला प्रश्न समोर आला आणि बाकीचं मागे पडलं.

स्क्रीन भर दुपारच्या बोडीसारखी निवांत होती. एकही अक्षर हललं नाही. उतारे, हिशेब, चुका शोधायचे तक्ते भराभर सुटत गेले. गेल्या दोन वर्षांत कुठल्याही परीक्षेत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या घड्याळात पाच पंचावन्न झाले होते तेव्हा दार बोटभर किलकिलं झालं.

रीताने मान वळवली नाही, फक्त नजर नेली. फटीत मायचा एक डोळा आणि नाकातला खडा दिसला. आता ही आत शिरते की काय, कॅमेऱ्यात दिसते की काय! रीताने भुवया आवळून असे डोळे वटारले की शांतीबाई जागच्या जागी थिजली. पण गेली नाही. तिने स्क्रीनकडे पाहिलं, पोरीच्या चालत्या बोटांकडे पाहिलं, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. रीता मनातल्या मनात चरफडली. हिला आत्ताच काय पाहायचं होतं?

सहाला स्क्रीन थरथरली.

बापाने शब्द पाळला होता. रीताने दात आवळले. पंधरा मिनिटं आणि बारा प्रश्न उरले होते. लुकलुकीच्या मधल्या वेळात वाचता येत होतं. ती वाक्य अर्धं अर्धं उचलून लिहीत राहिली.

सहा वाजून चार मिनिटांनी स्क्रीन खोल गेली. वरचा बल्ब फडफडला, यूपीएस कुंईकुंई करायला लागला आणि अक्षरं काळवंडून थरथरत राहिली. हे काय असतं ते रीताला आता माहीत होतं. डुक्कर लागलं. एवढ्या लवकर, नेमकं आज. ती टेबलाची कड धरून थांबली. सुटू दे, लवकर सुटू दे, ती मनात घोकत होती. मरायचं तर मर बाई एकदाचं.

आणि स्क्रीन स्वच्छ झाली, बारीक लुकलुक तेवढी उरली. बरं झालं, असं वाटून रीताने पुढचा प्रश्न घेतला.

सव्वासहाला हिरवी खूण आली. बाराच्या बारा प्रश्न सुटले होते. रीताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि कितीतरी दिवसांनी एकटीच हसली. नोकरी लागली होती. कळवायला ते आठ दिवस लावोत, तिला आत्ताच कळलं होतं.

ती बाहेर आली. पुनाराम बाजेवर बसला होता.

"झालं?"

"झालं, बाबा. चांगलं गेलं. पण तुम्ही तार काऊन लावली? माझं चालूच होतं. उशिरा सुरू केली त्यायनं."

"मले कोणं सांगतलं?" त्याने मनगट पुढे केलं. "सहा म्हटलं होतं. सहाले लावली."

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. "डुक्कर लागलं वाट्टे," ती म्हणाली. "लाईट पडला होता."

"मलेही दिसला. आता अंधारात कोण जाते? सकाळी पाहू."

तेवढ्यात पुढच्या अंगणात घुंगरू वाजलं. कालवड सडकेने एकटीच आली होती. नेहमीसारखी दारातल्या आंबोणाच्या मांदणापाशी गेली, तोंड घातलं आणि मांदण रिकामं पाहून हंबरली. तिच्या मागे कोणी नव्हतं.

"माय कोठं हाय?" रीताने विचारलं.

"कालवड आणाले गेली. येईल मागून, सडकेनं."

"सडकेनं?"

रीता स्वयंपाकघरात गेली. चुलीवरचा भात आटून खाली लागला होता. मागचं दार, पाचनंतर रोज कडी घातलेलं असायचं ते, सताड उघडं होतं आणि दारातून बांधीकडे जाणारी पायवाट अंधुक दिसत होती. रीता तिथे उभी राहिली. बोटभर उघडलेलं दार, नाकातला खडा आणि पोरीच्या चालत्या बोटांकडे बघून हललेली ती मान तिला पुन्हा दिसली. माय काय पाहायला आली होती ते तिला कळलं: परीक्षा अजून चालू आहे ना, एवढंच.

ती धावली नाही. आधी ती सपरीत आली, बोर्डापाशी गेली आणि स्विच बंद केला. खोलीतला बल्ब थरथरायचा थांबला.

पुनारामने तिच्याकडे पाहिलं. मग आतून उघड्या मागच्या दाराकडे पाहिलं. तो बाजेवरून अर्धवट उठला आणि परत बसला.

"सहा वाजले होते," तो म्हणाला. त्याने मनगट उजेडाकडे धरलं होतं, पण ते पाहायला समोर कोणी नव्हतं. रीता विजेरी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली होती.